टेकओन, आयकॅकल्स, रोबोकॉपी: 'ॲक्सेस डिनाइड'वर विंडोजमध्येच असलेल्या फुकट इलाजांचा रिव्ह्यू

आधी निकाल सांगून टाकतो, ज्यांना पूर्ण वाचायचा कंटाळा आहे त्यांची सोय. (टेकओन, आयकॅकल्स, रोबोकॉपी या तिन्ही कमांडच्या काळ्या खिडकीत टाइप करून चालवायच्या कमांड.) जुन्या डिस्कवरचं फोल्डर उघडत नाहीये आणि तुम्हाला फक्त आतल्या फाइली हव्यात, तर रोबोकॉपी, पाचपैकी साडेचार. फोल्डर आहे तिथेच ठेवून कायमचं आपल्या ताब्यात घ्यायचंय तर टेकओन आणि आयकॅकल्सची जोडी, पाचपैकी चार, पण जपून. प्रॉपर्टीजमधला तो सिक्युरिटी टॅब, दोन, आणि त्यातलाही एक फक्त एका चांगल्या सोयीसाठी, ती पुढे सांगतो. राइट क्लिकच्या मेनूत 'टेक ओनरशिप' म्हणजे 'मालकी घ्या' असा पर्याय घालणारी, विंडोजची सेटिंग बदलणारी जी रेजिस्ट्री फाइल लोक नेटवरून उतरवून घेतात तिला शून्य द्यायचा होता पण काम करते म्हणून एक. आणि डिस्क दोन मिनिटं लावून बघून 'करप्ट झालीये, डेटा रिकव्हरीला पाठवावी लागेल' म्हणणारी दुकानं असतात, त्यांना मार्क नाहीत.

हे सगळं परत एकदा नीट वापरायची वेळ आली ती सांगलीच्या मावशीमुळे. तिचा विंडोज ७ वाला जुना पीसी, मदरबोर्ड गेला, डिस्क मात्र ठणठणीत. मावसभावाने डिस्क काढून यूएसबीच्या केसमध्ये घातली आणि नव्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला लावली. ड्राइव्ह दिसतोय, त्यात यूजर्स फोल्डर दिसतंय, त्यात मावशीच्या नावाचं फोल्डर पण दिसतंय, आणि डबल क्लिक केलं की 'यू डोन्ट करंटली हॅव परमिशन टू ॲक्सेस धिस फोल्डर'. नव्या लॅपटॉपवर यूजरचं नाव तेच ठेवलेलं, स्पेलिंगसकट, पासवर्डही तोच. तरी नाही. "दादा, माझ्याच घरची डिस्क मला आत घेत नाहीये" असा फोन. गल्लीतल्या एका दुकानात दाखवून झालं होतं, तिथे रिकव्हरीचा आकडा ऐकून मावशी म्हणाली राहू देत ते फोटो.

तर डिस्कला काहीही झालेलं नव्हतं. विंडोजची जी एनटीएफएस नावाची फाइल सिस्टिम आहे (१९९३ च्या एनटी ३.१ पासूनची, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच जणांनी कॉम्प्युटर बघायच्या आधीची) ती प्रत्येक फाइल आणि फोल्डरसोबत मालक कोण आणि कुणाला काय करायची परवानगी हे लिहून ठेवते. पण ते नावाने लिहीत नाही, एसआयडी नावाच्या एका लांबलचक नंबराने लिहिते, एस-१-५-२१ ने सुरू होतो आणि पुढे मोठे मोठे आकडे. आधार नंबरसारखं समजा, एकाच नावाची दोन माणसं असली तरी नंबर वेगळे. जुन्या पीसीवरच्या मावशीचा नंबर वेगळा, नव्या लॅपटॉपवरच्या मावशीचा वेगळा, आणि नव्या विंडोजला तो जुना नंबर कुणाचा हेच माहीत नाही, म्हणून सिक्युरिटी टॅबमध्ये 'अकाउंट अननोन' आणि पुढे तो नंबर दिसतो. हे दिसलं की निम्मं निदान झालं, डिस्क खराब नाही फक्त मालक परगावी राहिलाय.

दुसरा प्रश्न हमखास येतो की अरे पण मी तर ॲडमिन आहे ना. आहात, पण विंडोज व्हिस्टापासून यूएसी (यूजर अकाउंट कंट्रोल) आलं तेव्हापासून ॲडमिन माणूससुद्धा रोजच्या वापरात साध्या यूजरच्या अधिकारानेच फिरतो, आणि आपली फाइल एक्सप्लोररची खिडकी पण त्याच साध्या अधिकाराने चालते. 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' करून उघडलेल्या प्रोग्रामलाच खरा ॲडमिन मिळतो. आणि इथेच एक चांगली गोष्ट आहे, ॲडमिनिस्ट्रेटर्स या ग्रुपचा एसआयडी जगातल्या प्रत्येक विंडोजवर एकच असतो, त्यामुळे जुन्या पीसीवर त्या ग्रुपला दिलेली परवानगी नव्या पीसीवरही लागू पडते. म्हणून एक्सप्लोरर दारात अडतो आणि ॲडमिन म्हणून उघडलेली कमांडची काळी खिडकी आरामात आत जाते.

ही भानगड यूजर्स फोल्डरमध्येच जास्त का होते हेही यावरूनच कळतं. तिथे सिस्टिम (विंडोजचं स्वतःचं अकाउंट), ॲडमिनिस्ट्रेटर्स आणि तो एक यूजर एवढ्या तिघांनाच परवानगी असते. डी ड्राइव्हवर आपण स्वतः केलेल्या फोल्डरला बहुतेक वेळा 'ऑथेंटिकेटेड यूजर्स' या सगळीकडे सारख्याच असणाऱ्या ग्रुपची परवानगी आलेली असते, त्यामुळे तीच डिस्क, पण डी मधली गाणी उघडतात आणि सी मधले फोटो उघडत नाहीत. लोक मग म्हणतात अर्धी डिस्क खराब आहे. नाही हो.

आता एकेक इलाज.

सगळ्यात पहिलं समोर येतं ते त्या 'परमिशन नाही' म्हणणाऱ्या डब्यातलंच 'कंटिन्यू' बटण. मावसभावाने विचारलं दादा दाबू का, म्हटलं थांब. हे बटण नुसतं दार उघडत नाही, तुमच्या अकाउंटचं नाव त्या फोल्डरच्या परवानग्यांमध्ये कायमचं लिहून टाकतं, आणि ते आतल्या सगळ्या फाइलींपर्यंत पोचवत बसतं. तिथे 'परमनंटली' असं लिहिलेलं असतं पण ते वाचतं कोण. फोल्डरात हजारो फोटो असतील तर वरची हिरवी पट्टी गोगलगायीला लाजवेल अशी सरकते, आणि मध्येच एखाद्या आतल्या फोल्डरने वारसा तोडलेला असला, म्हणजे वरच्या फोल्डरच्या परवानग्या खाली येऊ द्यायच्या नाहीत असं सेटिंग असलं, तर तिथे परत 'डिनाइड'. आपल्याच डिस्कवर, आपल्याच फोल्डरवर असेल तर दाबा, काही बिघडत नाही. दुसऱ्याची डिस्क दुरुस्त करून परत द्यायचीये तर दाबू नका, उगाच तुमचा नंबर तिथे चिकटून राहतो.

सिक्युरिटी टॅब. राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड, वर ओनरपुढे 'चेंज', नाव टाइप, 'चेक नेम्स', ओके, मग 'रिप्लेस ओनर ऑन सबकंटेनर्स अँड ऑब्जेक्ट्स' ही टिक, ओके, मग तो म्हणतो ही खिडकी बंद करून परत उघडा तरच पुढचं दिसेल, मग परत सगळं उघडा, ॲड, सिलेक्ट अ प्रिन्सिपल, परत नाव, परत चेक नेम्स, फुल कंट्रोल, आणि शेवटी ती एक टिक जिचं नाव अख्खी ओळ खातं, 'रिप्लेस ऑल चाइल्ड ऑब्जेक्ट परमिशन एंट्रीज' वगैरे वगैरे. एकावर एक इतक्या खिडक्या की कुठली कुठल्याची हे विसरायला होतं. हे ज्याने डिझाइन केलं त्याने घरी मावशीला फोनवरून कधी सांगून बघितलं नसणार. शिवाय मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन करणाऱ्यांना आपलं खरं यूजर नाव काय हेच माहीत नसतं, कारण फोल्डरचं नाव ईमेलच्या पहिल्या पाच अक्षरांचं केलेलं असतं आणि लॉगिनच्या पडद्यावर पूर्ण नाव दिसतं. त्याला उपाय सोपा आहे, कमांडच्या खिडकीत डब्ल्यू एच ओ ए एम आय असं सलग टाइप करून एंटर मारा, नाव समोर येतं.

मग याला दोन तरी का दिले, तर त्यातल्या 'इफेक्टिव्ह ॲक्सेस' टॅबसाठी. ॲडव्हान्स्डमध्येच असतो. यूजर निवडायचा, 'व्ह्यू' दाबायचं, की त्या माणसाला प्रत्यक्षात काय काय करता येतं ते हिरवी टिक आणि लाल फुलीने दिसतं. परवानग्यांची यादी वाचून हे डोक्यात जुळवणं अवघड असतं, कारण थेट दिलेली मनाई सगळ्यात वरचढ, मग थेट दिलेली परवानगी, मग वरून वारशाने आलेली मनाई, मग वारशाने आलेली परवानगी असा क्रम आहे. कुणीतरी कधीतरी मुलांना एखादं फोल्डर दिसू नये म्हणून 'एव्हरीवन'ला 'डिनाय' लावून ठेवतं आणि मग स्वतःच बाहेर राहतं, कारण एव्हरीवनमध्ये आपणही आलोच. हा टॅब ते लगेच दाखवतो. (विंडोज एक्सपीच्या होम एडिशनमध्ये हा सिक्युरिटी टॅब दिसायचाच नाही, सेफ मोडमध्ये जावं लागायचं. त्या मानाने आता सुख आहे म्हणायचं.)

आता टेकओन. स्पेलिंग टी ए के ई ओ डब्ल्यू एन. ॲडमिन म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडायचा, टेकओन लिहून स्लॅश एफ, मग फोल्डरचा पूर्ण पत्ता दुहेरी अवतरण चिन्हात, मग स्लॅश आर म्हणजे आतलं सगळं, आणि स्लॅश डी स्पेस वाय. हे शेवटचं विसरलात तर ज्या ज्या फोल्डरची यादी बघायची परवानगी नाही त्या प्रत्येकापाशी तो थांबून विचारत बसतो. स्लॅश ए जोडलंत तर मालकी तुमच्या एकट्याच्या नावावर न जाता ॲडमिनिस्ट्रेटर्स ग्रुपकडे जाते, घरच्या पीसीवर मला हे जास्त पटतं कारण उद्या परत लॅपटॉप बदलला तर मालक अननोन होत नाही.

पण मालक झालं म्हणजे फाइल उघडते असं नाही, आणि इथे बहुतेक जण वैतागून सोडून देतात. मालकाला परवानग्या बदलायचा हक्क मिळतो, वाचायचा हक्क त्याने स्वतःला वेगळा द्यावा लागतो. तो देण्यासाठी आयकॅकल्स, आय सी ए सी एल एस. पत्ता लिहायचा, मग स्लॅश ग्रँट, मग यूजरचं नाव, कोलन, कंसात ओ आय, कंसात सी आय, आणि लगेच एफ. ओ आय म्हणजे आतल्या फाइलींना वारसा, सी आय म्हणजे आतल्या फोल्डरना वारसा, एफ म्हणजे फुल. पुढे स्लॅश टी आतपर्यंत जायला, स्लॅश सी म्हणजे एखाद्या फाइलपाशी अडलं तरी पुढे चालू ठेव. शेवटी तो किती फाइली झाल्या आणि किती फेल गेल्या ते सांगतो, फेलचा आकडा शून्य असला की समजा जमलं.

यात एक खड्डा आहे आणि त्यात विंडोज ११ वाले हमखास पडतात. स्टार्टवर राइट क्लिक करून 'टर्मिनल ॲडमिन' उघडलं तर आत पॉवरशेल असतो, साधा कमांड प्रॉम्प्ट नाही. पॉवरशेलला कंस दिसला की त्याला वाटतं ही वेगळी कमांड आहे, आणि तो 'ओ आय म्हणजे काय मला माहीत नाही' अशी लालभडक एरर फेकतो. माणूस म्हणतो आयकॅकल्स चालत नाही. एकतर नावापासून एफपर्यंतचा सगळा तुकडा अवतरण चिन्हात घाला, नाहीतर आधी सी एम डी टाइप करून एंटर मारा आणि मग कमांड द्या. मी फोनवर दुसरंच सांगतो, कमी चुका होतात.

आयकॅकल्सचं मला सगळ्यात आवडतं ते म्हणजे काही बदलायच्या आधी स्लॅश सेव्हने आत्ताच्या परवानग्या एका टेक्स्ट फाइलमध्ये ठेवता येतात आणि गडबड झाली तर स्लॅश रिस्टोरने परत आणता येतात. सेव्ह करताना पण स्लॅश टी द्यायचा. रिस्टोर करताना फोल्डरचा नाही तर त्याच्या वरच्या फोल्डरचा पत्ता द्यायचा असतो, कारण सेव्हच्या फाइलमध्ये पत्ते वरच्या फोल्डरपासून लिहिलेले असतात, हे हेल्पमध्ये पटकन लक्षात येत नाही. आणि मालक कोण होता हे त्यात सेव्ह होत नाही, फक्त परवानग्या. तरीही, राइट क्लिकवाली रेजिस्ट्री फाइल आणि हे यात फरक हाच आहे, ती आतून हेच टेकओन आणि हेच आयकॅकल्स चालवते पण एका क्लिकवर, काही न सेव्ह करता, आणि मेनूत कायम बसून राहते. घरातल्या कुणीतरी चुकून विंडोज फोल्डरवर राइट क्लिक केलं की झालं.

त्यावरून, कृपा करून हे प्रकार सी ड्राइव्हच्या मुळावर, विंडोज फोल्डरवर, प्रोग्रॅम फाइल्सवर किंवा विंडोजॲप्सवर (स्टोअरच्या ॲपचं फोल्डर) करू नका. तिथल्या बऱ्याच फाइलींचा मालक ट्रस्टेडइन्स्टॉलर नावाची सर्व्हिस असते, आणि तुम्हालाही लिहिता येत नाही हे मुद्दाम आहे, कारण तुम्हाला येतं ते तुमच्या नावाने चालणाऱ्या व्हायरसलाही येतं. सी कोलन बॅकस्लॅशवर स्लॅश टी लावून 'एव्हरीवन फुल' दिलं की काही स्टोअरची ॲप उघडत नाहीत, काही सर्व्हिस रुसतात, आणि उलटं फिरवायला एक बटण नाहीये. स्लॅश रिसेटने होईल असं लोकांना वाटतं, पण रिसेट म्हणजे सगळ्यांना वरच्या फोल्डरचा वारसा, मूळ परवानग्या नव्हेत. मग शेवटी विंडोजवर विंडोज टाकावं लागतं. आयकॅकल्सचा एक स्टार कापला तो यासाठी, इतकी धारदार गोष्ट आणि 'खात्री आहे का' एवढंसुद्धा विचारत नाही.

आता रोबोकॉपी, माझा लाडका. व्हिस्टापासून विंडोजसोबतच येतो, त्याआधी वेगळ्या रिसोर्स किटमध्ये मिळायचा. मावशीच्या केसमध्ये शेवटी हाच वापरला. कारण विचार करा, आपल्याला जुन्या डिस्कचं मालक व्हायचंय कशाला, फोटो नव्या लॅपटॉपवर यायला हवेत बस. रोबोकॉपीला स्लॅश बी दिलं की तो बॅकअप मोडमध्ये जातो, म्हणजे ॲडमिनला बॅकअप घेण्यासाठी परवानग्या ओलांडून वाचायचा जो खास अधिकार असतो तो वापरतो. जुन्या डिस्कवरची एकही परवानगी बदलत नाही, मालक बदलत नाही, आणि नवी कॉपी जिथे ठेवाल तिथल्या परवानग्या घेते, कारण मुळात तो डेटा, ॲट्रिब्यूट आणि तारखा एवढंच उचलतो, जुन्या परवानग्या सोबत आणत नाही. फोटोच्या तारखाही जशाच्या तशा राहतात, गॅलरीत २०११ चं लग्न आजच्या तारखेला दिसत नाही.

कमांड अशी: रोबोकॉपी, जुना पत्ता, नवा पत्ता, स्लॅश ई, स्लॅश बी, स्लॅश एक्स जे, स्लॅश आर कोलन १, स्लॅश डब्ल्यू कोलन १. ई म्हणजे रिकामी फोल्डरंही धरून सगळं. शेवटचे दोन सोडू नका. रोबोकॉपीला काही सांगितलं नाही तर एखादी फाइल वाचता आली नाही की तो १० लाख वेळा परत प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशोब केला तर एका फाइलपाशी जवळजवळ वर्ष. ज्याने हा डिफॉल्ट ठेवला त्याच्या चिकाटीला नमस्कार, अर्धा स्टार तिथेच गेला.

एक्स जे कशाला ते पण सांगतो कारण त्यात अजून एक 'ॲक्सेस डिनाइड' लपलंय. प्रत्येक यूजरच्या फोल्डरात 'ॲप्लिकेशन डेटा', 'माय डॉक्युमेंट्स' असली काही फोल्डरं लपवलेली असतात, आणि सी वर 'डॉक्युमेंट्स अँड सेटिंग्ज'. ही खरी फोल्डरं नाहीतच, जुन्या एक्सपीच्या काळातले प्रोग्राम चालावेत म्हणून ठेवलेल्या पाट्या आहेत ज्या दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवतात, आणि आत डोकावायला मुद्दाम मनाई आहे. लपवलेल्या फाइली दाखवायचं सेटिंग चालू केलेले लोक यावर डबल क्लिक करतात आणि घाबरतात, आणि मग त्यावर टेकओन चालवतात. काही करू नका, त्यात काहीही नाहीये. रोबोकॉपीला एक्स जे सांगितलं की तो या पाट्यांच्या मागे जात नाही, नाहीतर एकातून एक गोल गोल फिरत कॉपीच संपत नाही. ॲपडेटा फोल्डर (प्रोग्राम आपला डेटा ठेवतात ते) नको असेल तर स्लॅश एक्स डी ॲपडेटा जोडा, सगळ्यांनाच नको असतं खरं तर, कॅशचा कचरा. पण कुणाचे आउटलुकचे जुने मेल असतील तर आधी विचारा, ते त्यात असू शकतात.

दोन बारीक गोष्टी. पत्त्याच्या शेवटी बॅकस्लॅश ठेवून लगेच अवतरण चिन्ह बंद करू नका, रोबोकॉपी गोंधळतो आणि दोन्ही पत्ते एकच समजतो. आणि स्लॅश एम आय आर नावाचा पर्याय कुठे वाचलात तर हात लावू नका, तो आरसा करतो, म्हणजे जुन्या जागी नसलेलं नव्या जागेवरून उडवतो. आधी स्लॅश एल लावून चालवलं तर काय काय होईल याची फक्त यादी दाखवतो, करत काही नाही, मावसभावाकडून आधी तीच चालवून घेतली. मग खरी चालवली, शेवटी जो तक्ता येतो त्यात 'फेल्ड'च्या खाली शून्य होतं, आणि मावशीकडच्या मुंजीपासूनचे सगळे फोटो नव्या लॅपटॉपवर.

उबंटूच्या (फुकट मिळणारं लिनक्स) लाइव्ह पेनड्राइव्हवरून पीसी सुरू करून फोटो काढायचा मार्ग पण चालतो, कारण तिथला एनटीएफएसचा ड्रायव्हर सहसा विंडोजच्या परवानग्या विचारतच नाही. पण पीसी फास्ट स्टार्टअपने, म्हणजे पूर्ण बंद न होता अर्धवट झोपून, बंद झाला असेल तर ड्राइव्ह फक्त वाचण्यापुरता उघडतो किंवा उघडतच नाही, आणि त्यासाठी पेनड्राइव्ह करत बसायचा. कमांडला घाबरणाऱ्यांसाठी ठीक आहे, साडेतीन देईन. मात्र यातून हे कळून घ्या की परवानगी म्हणजे कुलूप नव्हे. जुना पीसी भंगारात देताना 'पासवर्ड आहे ना' म्हणून निश्चिंत राहू नका, डिस्क दुसऱ्या मशीनला लावली की वाचता येते. बिटलॉकर, म्हणजे अख्खा ड्राइव्ह एन्क्रिप्ट करणारं विंडोजचं खरं कुलूप, लावलेला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे ४८ आकडी रिकव्हरी की लागते आणि ती नसेल तर वर लिहिलेलं काहीही उपयोगाचं नाही. तसंच फाइलीच्या आयकॉनवर छोटं कुलूप दिसत असेल तर त्या ईएफएसने (एकेक फाइल कुलूपबंद करायची विंडोजची सोय) एन्क्रिप्ट केलेल्या आहेत, मालक व्हा नाहीतर महाराज व्हा, जुन्या अकाउंटचं सर्टिफिकेट नसेल तर उघडणार नाहीत. दुकानदाराला दिलेले रिकव्हरीचे पैसेही तिथे वाया जातील.

काही वेळा तर परवानगीचा संबंधच नसतो. फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये 'रीड ओन्ली'पुढे तो भरीव चौकोन दिसतो, लोक काढतात, परत येतो, परत काढतात. फोल्डरच्या बाबतीत त्याचा लिहिता येण्या न येण्याशी काही संबंध नाही, विंडोज ती खूण स्वतःच्या सजावटीसाठी वापरतं, सोडून द्या. फक्त एखादाच प्रोग्राम, गेम किंवा स्कॅनरचं सॉफ्टवेअर, डॉक्युमेंट्समध्ये सेव्ह करू शकत नाहीये आणि बाकी सगळं चालतंय, तर विंडोज सिक्युरिटीत रॅन्समवेअर प्रोटेक्शनखाली 'कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस' चालू आहे का बघा. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून हे आलंय, आपोआप चालू नसतं पण घरातलं कुणीतरी करून ठेवतं. तिथे त्या प्रोग्रामला परवानगी द्यायची, फोल्डरला हात लावायचा नाही. आणि पेनड्राइव्हला सिक्युरिटी टॅबच दिसत नसेल तर तो एनटीएफएस नाही, एफएटी३२ नाहीतर एक्सफॅट या फाइल सिस्टिमचा आहे, त्यात मालक, परवानगी हा प्रकारच नसतो, तिथली 'राइट प्रोटेक्टेड' एरर वेगळ्या दुखण्याची.

राहिली ती एकाच पीसीवर दोन अकाउंट असलेल्या घरांची तक्रार, ही डिस्कवाल्यापेक्षा जास्त जण विचारतात. वहिनींनी त्यांच्या पिक्चर्समधलं फोल्डर कट करून यूजर्समधल्या पब्लिकमध्ये पेस्ट केलं, मुलाच्या अकाउंटवरून उघडत नाही. पब्लिक फोल्डर सगळ्यांना उघडं असतं हे बरोबर, पण एकाच ड्राइव्हवर कट-पेस्ट केलं की फाइल बहुतेक वेळा आपल्या जुन्या परवानग्या घेऊनच जाते. कॉपी-पेस्ट केलं तर नव्या जागेच्या परवानग्या मिळतात. म्हणून कॉपी करा, दुसऱ्या अकाउंटवरून उघडतंय ते बघा, मग मूळ उडवा. आणि आधीच कट करून झालं असेल तर वहिनींच्याच अकाउंटवरून आयकॅकल्स, पब्लिकमधल्या त्या फोल्डरचा पत्ता, स्लॅश रिसेट, स्लॅश टी. त्यांच्या स्वतःच्या फाइली आहेत त्यामुळे यासाठी ॲडमिनसुद्धा लागत नाही.